रेघा काढणारे काकाजी

खोली भाड्याने आहे का, हे विचारायला मी त्या घरी गेले तेव्हा काकाजींनी माझं नाव, गाव, पगार यातलं काहीच विचारलं नाही. माझ्या हातातला मोबाइल मागून घेतला, उन्हात तिरपा धरला आणि उजव्या अंगठ्याचं नख काचेवरच्या ओरखड्यावरून हळूच फिरवलं. मग मोबाइल परत देत म्हणाले, "नख अडकून राहिलं. खोल आहे. पर्समधी किल्ल्यांसंगं ठेवता का?"

"हो."

"नका ठेवू. खोली वर आहे, पाहून घ्या."

एवढ्यावर मी त्यांची भाडेकरू झाले, ती पुढची सहा वर्षं.

मी सांगलीकडची. नोकरी लागली गोंदिया जिल्ह्यात, एका सरकारी दवाखान्याच्या लॅबमध्ये, रक्त-लघवी तपासायची. गाव गोंदियाहून बिरसीच्या विमानतळाकडे जाणाऱ्या रस्त्यावर. बिरसीला विमान चालवायला शिकवतात, त्यामुळे सकाळपासून आमच्या डोक्यावर शिकाऊ विमानं घिरट्या घालायची आणि खाली बांध्यांमध्ये, म्हणजे भाताच्या खाचरांत, धानाची रोवणी चाललेली असायची. नवा माणूस प्रत्येक विमानाला मान वर करतो. मीही महिनाभर करत होते. काकाजी मात्र कधी वर बघायचे नाहीत. मी एकदा कारण विचारलं, तर म्हणाले, "दुरून कायले पाहाचं? दुरून साऱ्या चिजा साफच दिसतेत."

विमानं त्यांना जवळूनच बघायला आवडायची, म्हणजे अगदी मांडीवर घेऊन. हौशी माणसं खऱ्या विमानांच्या मापाबरहुकूम लहान केलेली प्लास्टिकची विमानं जोडतात, रंगवतात, काचेच्या कपाटात ठेवतात. ती कधी पडतात, घासतात, त्यांच्यावर ओरखडे येतात. ते ओरखडे घालवणं हा काकाजींचा उद्योग. गावाला याचा पत्ता फारसा नव्हता. पोस्टमन तेवढा ओळखून होता, कारण नागपूरहून, रायपूरहून खोकी यायची आणि त्यांच्यावर लाल शाईत 'नाजूक' असं लिहिलेलं असायचं. तो फाटकातूनच ओरडायचा, "काकाजी, तुमचा पेशंट आला."

मुळात ते घड्याळवाले. गोंदियाच्या बाजारात त्यांची एवढीशी टपरी होती. जुन्या घड्याळांची काच म्हणजे काच नसून प्लास्टिकच असायचं, आणि ते घासून आरशासारखं करण्यात काकाजींचा हात धरणारं कोणी नव्हतं. मग लोक वेळ मोबाइलमध्ये बघायला लागले. टपरी बंद झाली, पण हाताला लागलेली सवय कुठे बंद होते? ती घरी येऊन सपरीत बसली. सपरी म्हणजे आमच्याकडची पडवी.

त्या सपरीत सकाळी आठ ते अकरा त्यांचं काम चालायचं. दिव्याखाली काम करायचं नाही, हा नियम. समोर पाण्याच्या चार वाट्या आणि प्रत्येकीत भिजत घातलेला वेगळा पॉलिश पेपर. चारशे नंबरचा सगळ्यात खरखरीत, मग आठशे, बाराशे, आणि दोन हजारचा इतका मऊ की गालावर फिरवला तरी चालेल. या वाट्यांची अदलाबदल म्हणजे घोर पाप. चारशेचा एक कण दोन हजारच्या वाटीत गेला की आठवड्याच्या कामावर पाणी. हे मला ठाऊक नव्हतं. एका रविवारी काकाजींच्या पत्नी, म्हणजे काकू, सौंदडला बहिणीकडे गेल्या होत्या, मी पोहे केले आणि कठड्यावर वाळत घातलेली एक वाटी घेऊन खायला बसले. काकाजी समोर येऊन उभे राहिले.

"मॅडम, ही दोन हजारची वाटी आहे."

मला वाटलं, चांदीबिंदीची आहे की काय. मी घाबरून पोहे खाली ठेवले. पुढचे पाच दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. सहाव्या दिवशी माझ्या खोलीच्या दाराशी एक नवीकोरी स्टीलची वाटी ठेवलेली दिसली. तिच्या बुडाला त्यांनी सुईने कोरलं होतं, 'पोहे'.

काकाजी आणि काकू दंतमंजन लावायचे. टूथपेस्ट होती, पण ती विमानांची. शेवटची झळाळी ते साध्या पांढऱ्या टूथपेस्टने आणायचे. एकदा माझी संपली म्हणून मी मागितली, तर म्हणाले, "तुमच्या दाताले कोन भिंग लावून पाहून राहिलं?" पुण्यामुंबईच्या माणसाला असलं बोलणं झोंबतं. मलाही सुरुवातीला झोंबायचं. नंतर कळलं की इकडच्या बोलण्याला कडा असतात, पण त्या लागत नाहीत.

त्यांच्या उजव्या अंगठ्याचं नख हा घरातला सगळ्यात मौल्यवान ऐवज. त्या नखाने ते संत्रं सोलायचे नाहीत, गाठ सोडायचे नाहीत. त्याचं काम एकच, ओरखडा तपासणं. नख अडकलं तर तो 'नखाचा' ओरखडा. त्याला चारशेपासून सुरुवात. नाही अडकलं आणि नुसता दिसला, तर तो 'नजरेचा'. त्याला दोन हजार आणि टूथपेस्ट पुरे. एकदा मी विचारलं, ओरखडा नेमका जातो कुठे? त्यांनी माझ्याकडे, बालवाडीतल्या पोरीकडे बघावं तसं बघितलं.

"ओरखडा कुठीच जात नाई, मॅडम. बाकी सारं त्याच्या बराबरीले आनाव लागते. मोठं काम त्याच्या शेजाऱ्याईचं राहते."

दुसरं त्यांचं आवडतं मत म्हणजे विमानं पडून जितकी खराब होत नाहीत तितकी पुसून होतात. माणूस लाडाने शर्टाच्या टोकाने पुसतो, वरची बारीक माती तशीच रगडतो, आणि मग म्हणतो, मी तर हातही लावला नव्हता. हे मत ते माणसांनाही लावायचे. माझी आई तेव्हा दिवसातून चारदा फोन करायची. जेवलीस का, भाजी काय केलीस, स्थळाचं काय ठरवलंस. एकदा फोन ठेवून मी वैतागून जिन्यावर बसले, तर खालून आवाज आला, "तुमची आई तुमाले लय पुसते. म्हून तुमाले ओरखडे पडून राहिले." विचारते या अर्थी की घासते या अर्थी, हे मी त्यांना विचारलं नाही. दोन्ही खरंच होतं.

त्यांना 'रेघा काढणारे काकाजी' हे नाव कसं पडलं, तो प्रसंग मी यायच्या आधीचा. पण काकूंनी तो इतक्या वेळा सांगितला आहे की मी तिथे होते असंच मला वाटतं. बिरसीला विमान शिकवणारे एक साहेब होते, पुण्याकडचे. त्यांनी काकाजींकडून घड्याळाची काच चकचकीत करून घेतली होती. त्या विश्वासावर त्यांनी शाळेत असताना जोडलेलं, बिरसीतल्या विमानांच्याच जातीचं एक प्लास्टिकचं विमान आणून दिलं. काकाजींच्या हातात आलेलं हे पहिलंच विमान. सोबत चिठ्ठी होती: 'पोटावरचे ओरखडे घालवावेत आणि रेघा नीट काढाव्यात.'

खऱ्या विमानाच्या अंगावर पत्र्यांचे सांधे असतात. ते दाखवायला प्लास्टिकच्या विमानावर केसासारख्या बारीक रेघा कोरलेल्या असतात. साहेबांच्या विमानावरच्या त्या रेघा पुसट झाल्या होत्या, त्या पुन्हा कोरून हव्या होत्या. पण जन्मभर घड्याळाच्या काचा घासलेल्या माणसाला रेघ म्हणजे शत्रूच. आठ दिवस काकाजी सपरीतून उठले नाहीत. नवव्या दिवशी साहेब आले आणि त्यांनी खोकं उघडलं. आत सोललेल्या उकडलेल्या अंड्यासारखं गुळगुळीत विमान.

"काका, रेघा कुठे आहेत?"

"काढल्या."

"कुठे काढल्यात?"

"पुऱ्या काढल्या, साहेब. एक बी ठेवली नाई."

साहेबांनी चिठ्ठी मागून घेतली, स्वतःचंच अक्षर वाचलं आणि ते मटकन खाटेवर बसले. मग हसायला लागले, ते डोळ्यांत पाणी येईपर्यंत. काकाजी हसले नाहीत. काकू सांगतात, त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी ते जेवले नाहीत. तिसऱ्या दिवशी आंघोळ करून, धुतलेला सदरा घालून सायकलने बिरसीला गेले आणि साहेबांना म्हणाले, "मले असली विमान दाखवा."

साहेब भले माणूस. त्यांनी परवानगी काढली. काकाजी खऱ्या विमानाच्या पोटाखाली गोणपाट टाकून उताणे झोपले आणि वहीत एकेक रेघ उतरवत राहिले. असे तीन दिवस. मग घरी येऊन, घड्याळदुरुस्तीच्या चिमट्यात शिवणाची सुई धरून त्यांनी सगळ्या रेघा पुन्हा कोरल्या. साहेब विमान न्यायला आले, भिंग लावून बघितलं आणि म्हणाले, "काका, कमाल आहे. फक्त डाव्या पंखावर ही एक रेघ जास्त आहे."

काकाजींनी वही काढली. वहीत ती रेघ होती. साहेबांनी जाऊन खरं विमान तपासलं, तर त्याच्या डाव्या पंखावर कशाने तरी ओरखडा पडलेला होता.

"अहो, हा तर ओरखडा आहे," साहेब म्हणाले.

"राहू द्या," काकाजी म्हणाले. "असलीले आहे."

माझ्या तिथल्या चौथ्या वर्षी काकाजी चहा बशीच्या बाहेर ओतायला लागले. आधी आम्ही बशीला दोष दिला. मग एके संध्याकाळी फाटकाशी उभ्या केलेल्या मोटरसायकलला ते "या ना, बसा" म्हणाले, तेव्हा मी काकूंकडे बघितलं आणि काकूंनी पदराचं टोक तोंडाला लावलं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. मी दवाखान्यातली, मला हे दोन महिने आधी दिसायला हवं होतं, याची मला लाज वाटली. समजावून-सांगून त्यांना गोंदियाला एका डोळ्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. डॉक्टर तरुण, हसतमुख, हिंदी बोलणारे.

"चाचा, आँख के अंदर का लेन्स धुंधला हो गया है. वो निकालके नया डाल देंगे. दस-पंद्रह मिनट का काम है."

"काचेचा टाकता का?"

"नहीं नहीं, प्लास्टिक का. एकदम बढ़िया."

काकाजी उठले, चपला घातल्या आणि चालायला लागले. बसमध्ये बसल्यावर म्हणाले, "चाळीस वर्सं मी प्लास्टिक घासून राहिलो. त्याले ओरखडा पडतेच. हातात राहिलं त मी घासीन. डोऱ्यात राहिलं त कोन घासन?"

मी पत्रकं आणली, ऑपरेशन झालेली चार माणसं दाखवली. काकाजी प्रत्येकाला एकच म्हणायचे, "नवीन नवीन साफच दिसते. दहा वर्सानं सांगसान." वर त्यांच्याजवळ हुकमाचा एक्का होता. कामं पहिल्यासारखीच चालू होती आणि लोकांचे फोन यायचे, 'काका, कमाल केलीत.' ते विमान माझ्या हातात ठेवायचे आणि म्हणायचे, "पाहा. आहे का एक बी? माहं नख पाहते. डोरे कायले पाह्यजे?" आणि खरंच त्यावर एक ओरखडा नसायचा. आंधळा होत चाललेला माणूस डोळसाहून चांगलं काम करतो, यावर लॅबमध्ये काय तपासणी आहे?

मग एक दिवस मी दुपारी लवकर घरी आले. जेवण झाल्यावर काकाजी आत घोरत होते. सपरीत त्यांच्या जागी काकू बसल्या होत्या. मांडीवर विमान, बोटाला जुन्या लुगड्याचा मऊ तुकडा गुंडाळलेला, शेजारी टूथपेस्ट. मला बघून त्यांनी तोंडावर बोट ठेवलं. मी जवळ बसले.

"कधीपासून, काकू?"

"झाले दोन वर्सं. चहा त आता सांडाले लागला. माहे डोरे अजून चांगले आहेत ना, माय. ते ठेवतेत, मी घेतो. त्याईचे राहिलेले काढून टाकतो."

"पण काकू, तुमच्यामुळेच ते ऑपरेशनला जात नाहीत. काम चांगलं होतंय म्हणून ते हटून बसलेत. एकदा खराब जाऊ द्या, मग आपणहून जातील."

काकू बराच वेळ कपडा फिरवत राहिल्या. "मले मालूम आहे," त्या म्हणाल्या. "सारं समजते मले. पर त्या रेघाच्या वक्ती दोन दिवस जेवले नोहोते. आता उमर झाली. मी नाई पाहू शकत."

काकूंना मी वेंधळी समजत होते, आणि वेंधळी मीच निघाले. नवऱ्याचे डोळे वाचवायचे की त्याचं काम, या पेचात ही बाई दोन वर्षं एकटी बसली होती, आणि मी तिला पत्रकं वाचून दाखवत होते.

दुसऱ्या दिवशी मी गोंदियाला त्या डॉक्टरांकडे गेले आणि मुदत संपलेली एखादी लेन्स असेल तर द्या म्हणाले. कशाला, ते सांगितल्यावर ते हसले, पण दिली. घरी येऊन मी ती काकाजींच्या तळहातावर ठेवली. मसुरीच्या डाळीएवढी, जवळजवळ न दिसणारी. त्यांनी ती चिमट्यात धरली आणि नख फिरवलं. पुढून, मागून, कडेने. मग पुन्हा पुढून.

"अडकत नाई," ते म्हणाले. थोड्या वेळाने म्हणाले, "कोन्त्या पेपरनं घासलं असन?" त्या आवाजात मी पहिल्यांदा दुसऱ्या कारागिराबद्दलचा आदर ऐकला.

"काकाजी, ओरखडे कशाने पडतात?"

"पुसल्यानं. सांगतलं ना."

"मग ही डोळ्याच्या आत राहणार. तिथं ना माती जाणार, ना कोणाचा शर्ट. जन्मात कोणी पुसणार नाही हिला."

काकाजी विचारात पडले. चिमटा तसाच धरून त्यांनी तोंड उन्हाकडे केलं. "डाक्टर बी नाई?"

"डॉक्टरही नाही."

"मी बी नाई." हे ते स्वतःलाच म्हणाले. मग लेन्स त्यांनी दोन हजारच्या वाटीत ठेवली, म्हणजे घरातल्या सगळ्यात पवित्र जागी. "मंग चालते. सोमवारी जाऊ."

उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. पट्टी सुटली, थेंब घालायचे दिवस संपले. या काळात काकू मात्र सुकत चालल्या. मी कारण ओळखून होते. ऑपरेशनच्या आधी तयार झालेलं एक विमान कपाटात होतं, ते कुरिअरने जायचं राहिलं होतं. नवा डोळा पहिल्यांदा कशावर पडणार, हे सांगायला ज्योतिषी नको होता.

डॉक्टरांनी कामाला परवानगी दिली त्या सकाळी मी मुद्दाम रजा टाकली. आठ वाजता काकाजी सपरीत बसले, कपाटातलं ते खोकं उघडलं आणि विमान उन्हात तिरपं धरलं. काकू स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या, हाताला कणीक तशीच. काकाजी कधीही गोल घासायचे नाहीत. एक पेपर उभा, पुढचा आडवा, त्यापुढचा पुन्हा उभा, म्हणजे आधीच्याचं काही राहिलं तर आडवं पडून चुगली करतं. आणि त्या विमानाच्या पाठीवर, नखाला लागणार नाहीत पण नव्या डोळ्याला दिसतील अशा, शेकडो बारीक गोल रेषा होत्या. पितळेच्या गुंडावर, म्हणजे घासलेल्या घागरीवर, असतात तशा.

काकाजींनी घरचं दुसरं विमान काढलं. मग भिंतीवरचं तिसरं. तिन्ही उन्हात धरून बघितली. वरून एक विमान गेलं.

"कवापासून?" त्यांनी मान न वळवता विचारलं.

"दोन वर्सं झाले," काकू म्हणाल्या.

"भांडे घासल्यावानी घासलं तू."

मला वाटलं, झालं, आता जेवण बंद. पण काकू दारातून पुढे आल्या. चार वर्षांत त्यांचा आवाज मी असा ऐकला नव्हता. "मंग? चाळीस वर्सं भांडेच घासून राहिली मी. विमान कोन देल्लं मले?"

काकाजींनी त्यांच्याकडे बघितलं. त्यांना आता तोंड स्पष्ट दिसत होतं, आणि ते त्यांनी खूप वेळ बघितलं. मग पाटावर सरकून त्यांनी शेजारी जागा केली. "हात धुवून ये," ते म्हणाले. "हे घे. गोल नाई घासाचं. सरळ घासाचं. सांगतो."

अकरा वाजेपर्यंत दोघं तिथे बसली होती. त्या दिवशी पोळ्या मी केल्या. जेवण झालं, काकू पुन्हा विमान घेऊन बसल्या, आणि काकाजी खरकटी भांडी घेऊन बोअरच्या नळापाशी गेले. आधी सगळं ताट उभं घासायचं, धुवायचं, उन्हात धरून बघायचं, मग आडवं. तीन ताटं, सहा वाट्या आणि एक कढई. मी वरून कठड्याला टेकून बघत होते. चार वाजले तरी ते कढईपर्यंत पोहोचले नव्हते.